पाळण्याची गाडी

"हॅलो?… हां, बोल गं यशू. पोचलीस?… अजून नाही? मग आहेस कुठं?… वरुणाच्या अलीकडं! अय्यो, साडेदहाला निघालीस तू, बारा वाजत आले. सायकलवर बसून गेलीस का सायकल डोक्यावर घेऊन?… सरी, सरी, बरं… अगं ऐक ना, आधी सावलीत उभी राहा. दम खा. मग सांग."

फोन खांद्यात आणि कानात दाबून सुष्मानं रागीच्या पिठानं माखलेले हात नळाखाली धरले. घर गप्प होतं. अशी गप्प वेळ तिला दिवसातून एकदाच मिळायची. नवरा शरत ऑफिसला गेलेला, सासूबाई मागच्या अंगणात पापडांची राखण करत बसलेल्या, आणि चौदा महिन्यांची पावनी झोपलेली. लेकीची झोप जेवढी लांब, तेवढाच सुष्माचा स्वतःचा दिवस. गेल्या दोन महिन्यांत त्या चोरलेल्या वेळातून तिनं एक गाडी उभी केली होती. सायकलीच्या मागं जोडून ओढायची, दोन चाकांची, पेटीसारखी. मोड काढलेल्या रागीचं पीठ ती तान्ह्या लेकरांच्या घरी नेऊन द्यायची. पिठाची पाकिटं आणि पावनी, दोन्ही एका खेपेत जावीत, एवढीच तिची हाव. मोबाइलवर बघून, वहीत आकृत्या काढून, पावनीनं कूस बदलली की हातातली कानस तशीच थांबवून तिनं ती बनवली. आज गाडीची पहिली लांबची फेरी. पावनीला आत बसवायच्या आधी नणंदेनं, यशस्विनीनं, नुसती पाकिटं घालून वरुणा गावापर्यंत जायचं, तिथल्या सौम्या टीचरना पीठ द्यायचं आणि गाडी कशी चालते ते येऊन सांगायचं, असं ठरलं होतं.

"जड?… कशी जड असेल गं? आठ पाकिटं ठेवलीत मी, अर्ध्या अर्ध्या किलोची. तुझी कॉलेजची बॅग जास्त भरेल… नाही, नाही, गाडीचं वजन मी केलंय ना वेंकटेशच्या काट्यावर… अगं, मंडी मोहल्ल्यातला वेल्डिंगवाला. तो तर म्हणाला, अक्का, ही गाडी तुम्ही एका बोटानं ओढाल… हसू नकोस. चाक घासतंय का बघ. गाडी एका बाजूनं उचल आणि फिरव… फिरतंय? मोकळं?… दुसरं?… बरं, हवा? अंगठ्यानं दाबून बघ… बसलंय? दोन्ही बसलीत? सकाळीच भरली की मी, दगडासारखी."

तिनं नळ बारीक केला. गाडीला कुणी नावं ठेवली की तिला लागायचं. लेकीला कुणी काळी म्हटल्यासारखं लागायचं.

"उतारावर?… अगं, उतारावर ती तुला ढकलेल. ओझं मागून ढकलतं, ओढत नाही… उतारावरही मागं ओढते? असं कसं होईल, यशू? तिला ब्रेकच नाही, ती धरून कशाला ठेवेल?… बरं, जोड बघ. तुझ्या मागच्या चाकाला डाव्या अंगानं ती कांब लावलीय ना, आणि मधे काळ्या रबरी नळीचा तुकडा… हां, तोच, वळणावर वळावा म्हणून. पिळलाय?… नाही. आणि त्याच्यावरचा नायलॉनचा पट्टा? नळी तुटली तरी गाडी सुटू नये म्हणून बांधलाय तो… आहे. मग राहिलं काय?"

"हं… एक काम कर. आतलं ओझं कुठं आहे बघ. ओझं चाकांच्या किंचित पुढं पाहिजे. फार पुढं आलं तर सगळा भार तुझ्या सायकलीवर… पाकिटं जागेवर आहेत? मग पुढं काय आलंय?… पुढच्या कठड्याला टेकलीय? कोण टेकलीय?"

"…कोण झोपलीय?"

सुष्मानं नळ बंद केला.

"यशू, चेष्टा नको हं… पावनी कशी असेल तिथं? पावनी घरात आहे… घरात म्हणजे घरात! मधल्या खोलीत. मी इथून बघतेय तिला."

आणि बघतच होती. स्वयंपाकघराच्या दारातून मधली खोली सरळ दिसायची. लाल फरशीवर चटई, चटईवर दुपटं, वर पंखा. पिवळ्या बदकांच्या चादरीखाली छोटासा उंचवटा, आणि चादरीबाहेर आलेला एक पाय, चांदीच्या वाळ्यासकट. सकाळपासून तो पाय तिनं दहा वेळा असाच पाहिला होता. दर वेळी वाटलं होतं, जाऊन झाकावा. दर वेळी वाटलं होतं, नको, उठेल.

"अगं, तिचा पाय दिसतोय मला. तूच नीट सांग काय ते. तू ठेवलीस तिला गाडीत?… मग कुणी?… तू बाहेर आलीस तेव्हा आधीच आत होती. टोपडं… लाल? शाल पांघरलेली, छत खाली ओढलेलं. आणि अम्मा शेजारी उभ्या… आणि तुला वाटलं, वहिनीनं मन बदललं. वहिनीनं विश्वास टाकला म्हणून… अय्यो, यशू… नाही गं, नाही रागावले. तोंड बघितलंस का तिचं? एकदा तरी?… झोप मोडेल म्हणून नाही बघितलंस. बरं. थांब, ठेवू नकोस फोन… अम्मा! ओ अम्मा! जरा आत या!"

सासूबाई पदराला हात पुसत आल्या. सुष्मानं फोन छातीशी धरून विचारलं आणि त्यांनी, त्यात विचारायचं काय एवढं, अशा चेहऱ्यानं सांगितलं. ऐकता ऐकता सुष्माचे ताठलेले खांदे आधी खाली आले आणि मग हलायलाच लागले.

"यशू… अगं… थांब, हसू तरी दे मला. गुंडक्का! गुंडक्का आहे ती!… अगं हो, अम्मांनीच ठेवली. रिकामा पाळणा हलवायचा नाही ना! तू कपडे करत होतीस तेवढ्यात यांनी तिला उचलून आत निजवली, म्हणे, पाकिटं काय लेकरू आहेत का, पाळणा रिकामाच झाला की… आणि तू तिला घेऊन निघालीस वरुणाला! दगडाला फिरवून आणतेय बाई माझी नणंद!"

गाडीची पेटी म्हणजे या घरातला जुना पाळणाच होता, फणसाच्या लाकडाचा, चारी बाजूंनी कातीव कठडे असलेला. शरत त्यात वाढला, यशस्विनी त्यात वाढली. पावनी मात्र बारशाच्या दिवशीच काय ती त्यात निजली. पुढं आईच्या कुशीशिवाय तिला झोपच येईना आणि पाळणा माळ्यावर गेला. सुष्मानं तो खाली काढून चाकांवर बसवला तेव्हा सासूबाईंनी तोंडातून चकार शब्द काढला नाही. पण पाळणा रिकामा हलणं त्यांना बघवायचं नाही. बारशालाही बाळाच्या आधी पाळण्यात दगड निजवतात तो त्याचसाठी. डोशाचं पीठ वाटायच्या रगड्यातला लांबट, गुळगुळीत, बाळाएवढा दगड. त्याला टोपडं, शाल, काजळ, सगळं बाळासारखं. या घरात त्याला गुंडक्का म्हणत. पाळण्यात ती आधी निजते, म्हणून ती थोरली, अक्का. आणि बारसं झालं की त्याच दिवशी तिची शाल सोडायची, तिला रगड्यात घालून मूठभर तांदूळ वाटायचे, म्हणजे ती पुन्हा दगड होते, असा या घरचा रिवाज.

"…काय?… नाही, शाल कुठं सोडली होती? तूच आठव ना. बारशाच्या दिवशी रगडा कुणी काढला? सगळं पीठ ग्राइंडरला. पाहुणे गेले, हिला परत पाळण्यात टाकली, पाळणा वर गेला, आणि ही त्यातच राहिली. वर्षभर… मला दिसली की दोन महिन्यांपूर्वी, पाळणा उतरवला तेव्हा. टोपडं, काजळ, सगळं तसंच. शाल सोडणारच होते, तेवढ्यात पावनी रडली, आणि मग राहूनच गेलं. भिंतीला टेकवून ठेवली मी तिला… हो, माझ्या कामाच्या कोपऱ्यातच. मी पाइप घासत बसायची, ती बघत बसायची. सोबत व्हायची गं… एकदा तर मी तिच्या अंगावरचा लोखंडाचा भुगाही झटकला, बोलता बोलता. सवयीनं."

"यशू? हसत का नाहीस गं?"

पलीकडून नुसता वारा येत होता. उसाच्या पानांतून येतो तसा, सळसळता.

"…कोण? शहाळंवाला?… थांबली होतीस. हं… त्यानं नाव विचारलं. मगूचं, बाळाचं, नाव काय म्हणून. मग?… टोपडं रस्त्यावर पडलं होतं, त्यानं उचलून घातलं. धक्क्यानं पडलं असेल, त्यात काय एवढं… काय म्हणाला? मगूचं अंग तापलंय?… अगं, ऊन बघ किती आहे. दगड तापणार नाही तर काय होणार? त्यालाही दुपट्यातलं लेकरूच वाटलं असेल, तुला वाटलं तसं."

"…आतला, तिच्या कमरेचा पट्टा तू स्वतः लावलास? मागच्या बाजूला, दोन वेढे?… मग ब्रेक मारलास की सरकली असेल पुढं… हो, पण पट्टा सैल असला तर… सैल नाही. तुटलाय?… सुटलाय. बकल सुटलंय."

सुष्मानं ते बकल स्वतः निवडलं होतं. दोन्ही बाजूंनी एकदम दाबल्याशिवाय उघडत नाही असं. पावनीच्या हाताला सुटू नये म्हणून.

"आणखी काय?… बोल ना गं. तू अर्धं बोलून गप्प बसलीस की मला भीती वाटते… गाणं म्हणत होतीस. बरं. आणि चढावर, एकटं वाटू नये म्हणून, मधून मधून हाक मारत होतीस… मग?"

"…हूं?"

"हूं म्हणते?… प्रत्येक वेळी?"

पावनीला अजून ओ देता येत नसे. कुणीही हाक मारली की ती, हातात काय असेल ते बघत, मान वर न करता 'हूं' म्हणायची. एखाद्या कारकुनासारखं. त्यावरून घरात रोज हसणं व्हायचं. सुष्माच्या तोंडावर ते हसू यायला लागलं आणि अर्ध्यावर थांबलं.

"कुठल्या नावानं हाक मारत होतीस, यशू?… हो, पावनीच म्हणणार. तुला वाटलं पावनीच आहे… तेच विचारतेय मी… हो. हो, मला पण तेच आठवलं आत्ता. रडू नकोस. अगं, तेव्हा सगळे हसलेच होते की! तुझी काय चूक त्यात? पहिल्यांदा आत्या झालेलीस तू."

बारशाला नाव आत्यानं ठेवायचं. पाळण्यावर वाकून, बाळाच्या कानात कुर्र करून सांगायचं, आणि सांगताना जमलेल्या बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे. यशस्विनी वाकली तेव्हा पाळण्यात अजून गुंडक्काच होती. तिच्या कानात काही बोलायचं नसतं, नुसता पाळणा हलवून तिला बाजूला काढायची असते. पण कुणीतरी घाई केली, पाठीत पहिला धपाटा बसला, आणि दचकलेल्या आत्यानं दगडाच्या कानात नाव सांगून टाकलं: पावनी. केवढा हशा झाला होता! मग दगड काढला, लेक निजवली, आणि तेच नाव परत, तिच्या कानात. शरतच्या मोबाइलमध्ये त्याचा व्हिडिओ होता. सुष्मा कंटाळली की तो लावून बघायची.

"थांब यशू… नाही, काही नाही झालं. थांब जरा. फोन चालू ठेव."

ती मधल्या खोलीत गेली. पंख्याचा कटकट आवाज तेवढा होता. चटईवर टेकून तिनं वाळ्यातला पाय हातात घेतला.

"…काही नाही गं. पाय गार आहे जरा. पंख्यामुळं. फरशीही गार असते ही… झोपून? सव्वादहाला निजवली मी. तू निघायच्या आधी… नाही, रोज पाऊण तास. फार तर पाऊण तास."

तिनं चादर खाली केली. पावनीचं तोंड भिंतीकडं होतं. कानामागं, रोज दृष्टीला लावतात ते काजळाचं बोट. सुष्मानं दोन्ही हात तिच्याखाली घातले, रोज घालते तसे, आणि उचलायला गेली.

"यशू… ही… ही उचलवत नाहीये मला."

"…जड. जड आहे ही. अगं सकाळी मी हिला काखेत घेऊन दूध तापवलं… पावनी! ए बाळा… अम्मा! अम्मा, इकडं या हो!… पावनी! पावनी, ऊठ…"

"हूं."

आवाज फोनमधून आला.

सासूबाई दारात आल्या होत्या. त्यांनाही ऐकू गेलं असावं. त्या उंबऱ्यावरच खाली बसल्या आणि पदर तोंडात धरला. सुष्मानं फोन कानापासून दूर केला, त्याच्याकडं बघितलं, आणि परत कानाला लावला. तिचा आवाज एकदम हळू झाला. पावनीला निजवताना होतो तेवढा हळू.

"यशू, ऐक माझं. किंचाळू नकोस. घाबरेल ती… ती, तुझ्याजवळची… हो, डॉक्टरकडं नेते, रिक्षा बोलावते, सगळं करते. पण आधी एक मिनिट. तू गाडी सोडून पळू नकोस, एवढंच कर. पळणार नाहीस ना?… शहाणी बाई माझी."

"तू दोघींना एकच नाव दिलंस. एका हाकेला एकीनंच ओ द्यायची, आता तीच देतेय… हो, तिला काय माहीत? तिला कुणी सांगितलं की हे नाव तुझं नाही? वर्षभर अंधारात पडून तेवढंच एक ऐकलेलं तिनं. मी पण दोन महिने तिच्यासमोर बसून दिवसभर तेच नाव घेतलं… मला नाही देता येणार, यशू. मी आई आहे. नाव आत्या ठेवते. तूच दे तिला. तिचं तिला."

"…कुठलं?"

शरतनं पावनी हे नाव काढलं त्याच्याही आधीपासून सुष्माच्या मनात एक नाव होतं. पावनी झाल्यावर तिनं ते कुणाला सांगितलं नाही, शरतलाही नाही. पुढं कधी दुसरी लेक झाली तर तिच्यासाठी म्हणून, ट्रंकेच्या तळाशी नवं झबलं घालून ठेवावं तसं, ते जपून ठेवलं होतं. तिनं हातातल्या गार पायाकडं बघितलं.

"वर्षिणी."

"वर्षिणी म्हण… होतं माझ्याकडं ठेवलेलं… कुणासाठी ते नको विचारू आता. ऐक. छत वर कर. शाल काढायची नाही. तोंड बघायचं नाही. बारशाला वाकतेस तशी वाक. टोपड्याची नाडी असते ना, तिच्याशी तोंड ने… हो, ऊबदार असेल. असू दे. वाकताना कठडा धर, पक्का बसवलाय मी तो… आधी कुर्र कर. मग नाव. तीनदा. फोन तिथंच धर, मला ऐकू दे… आणि यशू, चांगल्या मनानं म्हण. घाबरून नको. तिचं बारसं आहे हे."

फोनमध्ये कापड सरकल्याचा आवाज आला. लांबून टी. नरसीपूरच्या बाजूनं येणाऱ्या बसचा हॉर्न आला आणि गेला. मग यशस्विनीचा श्वास, रडून जड झालेला. मग कुर्र… आणि नाव. पुन्हा कुर्र, आणि नाव. तिसऱ्या वेळी तिचा आवाज थरथरला नाही. ती ते गाण्यासारखं म्हणाली. त्यानंतर झोपेत कूस बदलताना लेकरू करतं तसा एक बारीकसा उसासा आला, आणि सुष्माला शपथेवर सांगता आलं नसतं की तो फोनमधून आला का मांडीजवळून.

तिच्या मुठीतला पाय झटका देऊन सुटला.

"उठली!… यशू! उठली गं, उठली! ऐक, ऐक कशी रडतेय… अगं बाई गं… ये, ये, ये… हो, उचलली, घेतली मी… हलकी आहे. नेहमीसारखी. घामानं भिजलीय नुसती… अम्मा, रडू नका ना तुम्ही आता, ही आणखी रडते… यशू, ऐकतेस ना? ये बाळा, आई आहे…"

बराच वेळ तिकडून आणि इकडून नुसतं रडणंच चाललं होतं. पावनीनं आईचा पदर तोंडात कोंबला तेव्हा कुठं जरा गप्प झालं.

"आता बघ. शाल जरा खाली कर आणि बघ… घाबरू नकोस, मी आहे ना फोनवर… काय दिसतं?"

"…दगड. टोपडं घातलेला दगड. बरं… काजळ? काजळाचं काय?… ओलं आहे… दोन्ही डोळ्यांखाली? असू दे. असू दे गं. पूस हलक्या हातानं."

"गाडी ओढून बघ जरा… हलली? एका बोटानं?… म्हणजे वेंकटेश खोटं बोलला नाही. आणि तू माझ्या जोडाला नावं ठेवत होतीस!"

सुष्मा हसली. पावनीला काखेत घेऊन ती स्वयंपाकघरात आली. शेगडीवर पावनीसाठी करायची रागी अजून तशीच पाण्यात कालवलेली होती. तिनं गॅस लावला. एका हातानं ढवळायची सवय होतीच.

"…काय? कुठं?… तळ्यात? नाही! यशू, खबरदार. तळ्यात नाही, रस्त्याकडेला नाही, झाडाखाली पण नाही… अगं, आत्ता नाव ठेवलंस ना तू तिचं? नाव ठेवलेलं लेकरू कुणी तळ्यात टाकतं का?… मला पण वाटते भीती. मला काय वाटत नाही होय? पण भीती वाटते म्हणून उन्हात टाकून यायचं का तिला? वर्षभर माळ्यावर टाकली, ते काय कमी झालं?"

सासूबाई मागं येऊन उभ्या होत्या. त्यांनी कोपऱ्यातल्या रगड्याकडं बोट केलं, मग मूठ वळून तांदूळ दाखवले, शाल सोडायची खूण केली. सुष्मानं बघितलं. तो रगडा गेलं वर्षभर पालथ्या परातीखाली झाकून होता. त्याच्या पोटातला खळगा रिकामा, काळा.

"अम्मा म्हणतात, घरी आण, आल्या आल्या शाल सोडू आणि मूठभर तांदूळ वाटू… हो, रिवाज आहे खरा. तेव्हाच करायला पाहिजे होतं… नको, अम्मा. आज नको. नाव ठेवल्या दिवशी कुणी लेकराला कामाला लावतं का?"

सासूबाईंची मूठ हळूहळू सुटली. परात नीट बसवल्यासारखं करून त्या पापडांकडं निघून गेल्या.

"…अगं मला तरी कुठं माहीत उद्या काय ते? उद्याचं उद्या. तू आज तिला घेऊन ये, बस… सौम्या टीचरना पीठ देऊनच ये, वाट बघत असतील, त्यांच्या लेकीला आता दुसरं काही चालत नाही. छत खाली ओढ, ऊन आहे. पट्टा लाव, पण आवळू नकोस… पुढं? बसू दे पुढंच, तुझ्याजवळ. थोडी जड जाईल सायकल, जाऊ दे… आणि हाक मारत ये. मधून मधून. गप्प बसून नको आणू… वर्षिणी म्हण. आता चूक नको. वर्षिणी."

काखेतली पावनी पदर चोखायची थांबली. पापण्या अजून ओल्या होत्या. ती फोनकडं वाकली, बोट लावून बघितलं, जसं काही त्यात कुणी बसलंय. तिला आजवर दोनच शब्द येत होते, एक आईसाठी आणि एक 'हूं'. तिनं ओठ फोनला टेकवले आणि स्पष्ट, सावकाश म्हणाली, "अक्का."

सुष्माचा ढवळणारा हात थांबला.

"यशू… ऐकलंस?… काय म्हणाली ही, ऐकलंस का? कुणी शिकवलं हिला? आम्ही कुणी… हॅलो? आवाज तुटतोय गं… आणि आत्ता तिकडून कोण हसलं? तू हसलीस?… नाही?… यशू?… हॅलो?… हॅलो?"

फोन बंद झाला होता. रागीला कड आला. सुष्मानं गॅस बारीक केला, पावनीची वाटी ओट्यावर ठेवली, आणि जराशानं मांडणीवरून तसलीच दुसरी वाटी काढली.